नदीचा वाटा

१९ मार्च

प्रिय वेताळा,

पत्र पाहून दचकू नकोस. इकडे सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे मी आणि कुत्रं. फोन सोडून कागद का काळा करतो आहे असं विचारशील, तर दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तू उचलला नाहीस. वेताच्या खुर्च्या विणताना हात गुंतलेले असतात हे मला कळतं, पण दोन्ही वेळा?

बातमी अशी की या वर्षी नदी आली नाही. म्हणजे आली, पण होडी बांधायच्या खांबाला टेकली आणि तिथूनच परत फिरली. मळईवर, म्हणजे आमच्या काठच्या गाळाच्या शेतांवर, चढलीच नाही. माझ्या उभ्या जन्मात असं झालेलं नाही.

तू आमच्या काठचा नाहीस, डोंगराकडचा, म्हणून नीट सांगतो. मका काढला की आम्ही प्रत्येक जण खळ्यावर त्याच मक्याच्या धाटांची खोप बांधतो. तिच्या सावलीत बसून कणसं सोलतो, दाणे काढतो. काम संपलं की खोप तशीच सोडून द्यायची. हिवाळा सरताना वरचं बर्फ वितळून नदी चढते आणि खोपी, धसकटं, पालापाचोळा आणि त्यातली सगळी कीड उचलून घेऊन जाते. आम्ही त्याला नदीचा वाटा म्हणतो. मग ओल्या गाळात पेरायचं. माझ्या आजोबांच्या लहानपणी एकदा नदी आली नव्हती म्हणे, तेव्हापासून नियम झाला की नदी आली नाही तर पेरणीआधी ज्याने त्याने आपली खोप जाळायची.

या आठवड्यात सगळ्यांनी जाळल्या. माझी उभी आहे.

ती तुझ्या ताईने बांधलेली आहे. खोप बांधली आणि दोन महिन्यांत ती गेली. दरवर्षी तिची खोप जायची, या वर्षी ती गेली आणि खोप राहिली. मी नवस-सायास करणारा माणूस नाही हे तुला ठाऊक आहे. पण नदीने ती ठेवली, एवढं खरं.

तू म्हणशील, "किडेमास्तर, मग नियमाचं काय?" नियम खोडकिड्यासाठी आहे. त्याची अळी हिवाळाभर धाटाच्या पोटात झोपते आणि ऊन वाढलं की पतंग होऊन बाहेर पडते. पण यंदा थंडी अशी होती की अंगणातल्या हंड्यातलं पाणी दगड झालं. मी शेजारच्या नावाड्याच्या आणि पलीकडच्या दोन-तीन शेतांतली धसकटं उपटून चिरली. अळ्या काळ्या, पिचपिचीत, मेलेल्या. भिंगाखाली धरून पाहिल्या. नियम करणाऱ्यांकडे भिंग नव्हतं.

तब्येतीला जप. वेत नरम करायच्या त्या वाफेच्या पेटीसमोर उघड्या अंगाने उभा राहत जाऊ नकोस, असं ती नेहमी सांगायची. आता मी सांगतो.

तुझा,
भाऊजी

३० मार्च

भाऊजींना नमस्कार.

पत्र मिळालं. पोस्टमनने दोन वेळा विचारलं, "हाताने लिहिलंय? खरंच?" गल्लीत माझी पत वाढली.

फोनचं सांगतो, रागावू नका. तुमच्याकडे ताईचाच फोन आहे. तो वाजला की माझ्या पडद्यावर "ताई" अशी अक्षरं येतात. पहिल्यांदा आली तेव्हा मी हातातली खुर्ची टाकून धावलो. धावलो, आणि मग आठवलं. दुसऱ्या वेळी फोन वाजून थांबेपर्यंत नुसता बघत बसलो. नाव बदलून टाक म्हणाल. बसलोही होतो बदलायला. बोट पुढे जात नाही. तेव्हा तुम्ही पत्रच लिहा. तुमचं अक्षरही फोनवरच्या "हं, हं"पेक्षा जास्त बोलतं.

खोप राहिली हे वाचून मी दुकानाला कुलूप लावून नाक्यापर्यंत उगाच चालून आलो.

एक मागू का? तिच्या विणीची गाठ आईची आहे. दोन धाटं आडवी, तिसरं तिरपं, आणि सालीच्या दोरीचा वळसा कुठून घेतला ते बाहेरून दिसतच नाही. आईने ती फक्त ताईला शिकवली. मला म्हणाली, "तुला काय करायची, तू शिकणार, शाळेत जाणार." शाळेने मला सोडलं आणि मी शेवटी विणकरच झालो, पण ती गाठ काही हाती लागली नाही. ताईला विचारलं की म्हणायची, "ये इकडे, राहा महिनाभर, मग शिकवते." महिना कधी सापडला नाही.

खोपीचं दार पाठवाल का? फक्त दार. माझ्या दुकानात लावीन. त्याला हात लावला तरी काही कळेल असं वाटतं. नाही म्हणालात तरी चालेल. तुमचाच हक्क पहिला.

तुमचा,
वेताळ

१२ एप्रिल

प्रिय वेताळा,

दार पाठवलं आहे. गोणपाटात गुंडाळून, कोपऱ्यांना पेंढा लावून, शिवून दिलं आहे. उघडताना सुरी वापरू नकोस, शिवण उसव. ओल्या जागी ठेवू नकोस. उन्हातही नको, धाटं तडकतील. उभं ठेवायचं, आडवं नाही.

द्यायला दोन दिवस लागले. जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. दार काढलं आणि खोपीचा चेहरा गेल्यासारखं झालं. पण मग वाटलं, एवढ्यासाठी तुला काय नाही म्हणायचं. तुझीही ती होतीच, माझ्या आधीची.

नावाड्याने ते पलीकडच्या काठाला नेलं आणि गाडीत चढवलं. त्याची जीभ तुला माहीत आहे. होडीत ठेवताना म्हणतो कसा, "मास्तर, दार गेलं. आता भिंती कधी?"

मी म्हणालो, "भिंतींना काय झालंय?"

"काही नाही बुवा. दार नसलेल्या घरात वारा फार लागतो." एवढं बोलून वल्ही मारायला लागला. मला काही ती थट्टा आवडली नाही. बाकी कोणी मात्र एका शब्दाने विचारलेलं नाही. त्यांना माझा थंडीचा मुद्दा पटला असणार. लोक निदान आता कारण ऐकून घेतात.

पेरणी झाली. गाळ नवा नाही, गेल्या वर्षीचाच, म्हणून जमीन थोडी कडक लागली. पण उगवण चांगली आहे. माझ्या आणि नावाड्याच्या शेताच्या मध्ये बांध नाही, नुसती पायवाट आहे, आणि माझं खळं नि खोप त्या पायवाटेलगतच. संध्याकाळी काम आटोपलं की आत बसतो. दार नसल्यामुळे आता दोन्ही शेतं दिसतात. नावाड्याच्या ओळी वाकड्या आहेत. होडी चालवणारा माणूस पाण्यावर सरळ जातो, जमिनीवर त्याला सरळ जमत नाही.

तुझा,
भाऊजी

२८ एप्रिल

भाऊजींना नमस्कार.

दार पोचलं. शिवण उसवली, सुरी नाही वापरली. वाफेच्या पेटीच्या वरच्या भिंतीवर उभं लावलं आहे, तिथे कोरडं आणि उबदार असतं. समोरच्या सायकलवाल्याने येऊन विचारलं, "हे विकायला?" त्याला म्हटलं, दुकान घे, मला घे, हे सोड.

रोज काम थांबवून त्याच्यापुढे उभा राहतो. पहिले काही दिवस नुसतं पाहिलं, मग हात लावून पाहिलं. एक गोष्ट खटकली. वरून खाली येताना सगळे वळसे उजवीकडून डावीकडे गेलेत. शेवटच्या हातभर भागात ते उलटे होतात. डावीकडून उजवीकडे. गाठ तीच, पण जणू आरशातली. विणकराचा हात असा मध्येच फिरत नाही. शेवटचा भाग तिने डाव्या हाताने विणला आहे. तिच्या उजव्या हाताला काही झालं होतं का? तुम्ही कधी लिहिलं नाहीत. मी कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या खुर्च्या विणत बसलो होतो त्या महिन्यात, विचारलंही नाही.

आणि एक किरकोळ चौकशी. वाळक्या धाटातून भुसा पडतो का हो? खाली पेटीवर बारीक पिवळसर चूर जमतो. रोज पुसतो. कदाचित प्रवासात धाटं घासली असतील.

तिकडे सगळं नीट ना? मक्याचे पोंगे कसे आहेत?

तुमचा,
वेताळ

९ मे

प्रिय वेताळा,

तुझा डोळा विणकराचा आहे हे मान्य करतो. हो. उजवा हात. खोप बांधत होती तेव्हाच खांद्यापासून दुखायला लागला होता. मी म्हणालो, "ठेव, उरलेलं मी बांधतो." ती हसली. म्हणाली, "तुमची गाठ पहिल्या वाऱ्यात सुटेल." आणि हात बदलून विणायला बसली. मी कणसं सोलत समोर होतो. म्हणालो, "एवढं जिवाला लावून कशाला करतेस?" तर म्हणते, "नदीला फाटकं द्यायचं का? तिचा वाटा आहे." डॉक्टरांकडे गेलो ते नंतर. तुला कळवू नका असं तिनेच सांगितलं होतं, म्हणायची, तो सगळं टाकून येईल आणि इथे येऊन माझ्या चुलीत लुडबुड करील. ती बरी होणार असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

भुशाचं. धाटं घासून पिवळा चूर पडत नाही. हा तुझ्या वेतातला भुंगा आहे. कच्चा वेत गोदामातून आणतोस, त्यात असतो. भोक टाचणीच्या टोकाएवढं आणि चूर पिठासारखा असेल, तर तो भुंगा. खोडकिड्याचा भुसा ओलसर, दाणेदार, लाकूड कापल्यावर पडतो तसा असतो आणि हिरव्या पिकात दिसतो. तुझ्या दुकानातला माल तपासून घे, नाहीतर गिऱ्हाइकाच्या घरी माणूस बसायच्या आत खुर्चीच बसेल.

इकडे मका गुडघ्यावर आला. पानं रुंद, रंग गडद. नावाड्याचाही छान आहे, वाकडा असला तरी. काल तो पोंगे उघडून, आतली गुंडाळलेली कोवळी पानं उलगडून बघत होता. मी विचारलं, "काय शोधतोस?" म्हणाला, "काही नाही, सवय." लष्करी अळीला घाबरतो. तिच्या डोक्यावर फांदी फुटल्यासारखी उलटी खूण असते आणि शेपटीकडे चार ठिपके चौकोनात. त्याला दाखवलं आहे, पण त्याला प्रत्येक अळी लष्करीच वाटते.

तुझा,
भाऊजी

१७ मे

भाऊजींना नमस्कार.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

भोक टाचणीएवढं नाही. पेन्सिल जाईल एवढं आहे, गोल, आणि त्यावर कागदासारखा पातळ पापुद्रा होता. मागचं पत्र लिहिलं त्याच सकाळी खिडकीच्या काचेवर पहिला पतंग बसला होता. मी तुम्हाला भुशाचं विचारलं, पतंगाचं नाही. कारण तो कुठून आला हे मला कळलं होतं, आणि कळलं ते लिहिलं की काय होईल तेही कळलं होतं.

आता काचेवर रोज असतात. वाळक्या गवताच्या रंगाचे, पंखांवर नागमोडी बारीक रेघा, बसले की पंखांचा त्रिकोण. मी फुलपाखरू म्हणालो असतो, पण तुमच्या लग्नानंतर पहिल्यांदा आलो होतो तेव्हा तुम्ही मला अर्धा दिवस शेतात उभं करून शिकवलं होतं. ताई बांधावरून ओरडत होती, "अहो, पाहुण्याला जेवू तरी द्या, किडे काय पळून जातात?" मी काही विसरलेलो नाही.

माझं दुकान गरम. पेटी दिवसभर चालते. म्हणून इथे ते लवकर उठले. तुमच्याकडच्या भिंतींत अजून झोपलेले असतील. थोडेच दिवस, ऊन वाढेपर्यंत.

भाऊजी, खोप जाळा.

मी दार वाफेच्या पेटीत घातलं. वेताला वाफ दिली की तो नरम होतो, वाकतो आणि थंड झाल्यावर धरून राहतो. वाटलं, कीड मरेल आणि वीण राहील. मका म्हणजे वेत नाही हे मला समजायला हवं होतं. बाहेर काढलं तेव्हा भाजीच्या देठांसारखं लोंबत होतं. गाठी सुटल्या नाहीत, धाटंच विरघळली. माझ्याकडचं गेलं. तेव्हा तुमच्याकडचं जाळा म्हणणारा मी कोण, असं नका म्हणू. मीच आहे म्हणणारा.

दोनदा फोन लावायला घेतला. यादीत "ताई"वर बोट ठेवायचं होतं. जमलं नाही. जमलं असतं तर आठ दिवस वाचले असते.

वेताळ

२५ मे

वेताळा,

पत्र मिळालं. दार वाफेत घातलंस. विचारायचं तरी होतंस.

तुझ्या दुकानात बाजारातला माल येतो, दहा गावचा. त्यातला पतंग कुठला, हे तू काचेवरून सांगणार. थंडीचं मी लिहिलं आहे. मेलेल्या अळ्या माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत, भिंगातून. माझ्या शेतात काय झोपलं आहे आणि काय मेलं आहे, ते मला शहरातून कोणी शिकवू नये.

पीक उत्तम आहे.

भाऊजी

३ जून

भाऊजी,

रागावलात, हक्क आहे. एकच विचारतो, मग गप्प बसतो.

तुम्ही नावाड्याची धसकटं चिरलीत. पलीकडच्या शेतांतली चिरलीत. ओल्या जमिनीत रुतलेली, गोठलेली. खोपीच्या भिंतीतलं, वाऱ्यावर उभं, कोरडं राहिलेलं एखादं धाट चिरलंत का? तुमच्या एकाही पत्रात ते नाही. आणि तुम्ही काही गाळून लिहिणारे नाही.

वेताळ

३० जून

प्रिय वेताळा,

उत्तराला उशीर झाला. लिहिण्यासारखं काही होईपर्यंत थांबलो, आणि झालं तेव्हा हात चालेना.

नाही चिरलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पानं उलगडली आणि त्यांवर आडवी, एका रेषेत भोकं. पान पोंग्यात गुंडाळलेलं असताना अळी आरपार खाते, उलगडल्यावर ती माळ दिसते. तुला माहीत आहे, मीच शिकवलं. खोपीजवळच्या ओळींत जवळजवळ प्रत्येक झाडावर. लांब जावं तशी विरळ. कोणी पाण्यात दगड टाकावा आणि तरंग उठावेत तशी. वारा माझ्याकडून नावाड्याकडे वाहतो, म्हणून त्याच्या शेतात तरंग लांबपर्यंत गेले. मग खोडं पोखरली, तुरे मोडून पडायला लागले.

नावाडी एका संध्याकाळी खोपीशी आला. हातात चिरलेलं खोड. आत आला नाही, दार नव्हतं त्या जागी उभा राहिला.

"मास्तर, ही कोणती?"

"खोडकिडा."

"लष्करी नाही ना?"

"नाही."

"लष्करी असती तर म्हटलं असतं, उडत आली कुठून तरी."

 मग विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मास्तर, सगळ्या काठाला माहीत होतं."

"मग एकाने तरी बोलायचं."

"काय बोलायचं?" तो खोड हातात फिरवत राहिला. "वहिनींचं घर होतं ते. नदी नाही बोलली, आम्ही काय बोलणार? मला वाटलं दार काढलंत, तर हळूहळू भिंतीही काढाल. माणसाला वेळ लागतो म्हणून थांबलो. किड्याला लागत नाही हे लक्षात नाही आलं."

रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचं पीक माझ्याहून जास्त गेलं आहे.

तो गेल्यावर मी जिथे रोज पाठ टेकून बसायचो तिथलं धाट काढलं आणि चिरलं. रिकामा कोष. कागदी झाकणाचं भोक, तू लिहिलंस तसं, माझ्या पाठीच्या उंचीवर. एवढे दिवस मी त्याला टेकून बसलो होतो, वेताळा. शेजारच्या धाटात दुसरा, तो अजून भरलेला. भिंगाची गरज लागली नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जाळली. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, मी बैल गेल्यावर झोपा जाळला. पण काही कोष बंद होते, आणि नसते तरी जाळली असती. वाळकं धाट जळताना फटफट वाजतं. मला वाटलं होतं एका झपाट्यात जाईल, गेली नाही. तिच्या गाठी धरून होत्या. आतली धाटं जळून गेली तरी गाठींची जाळी थोडा वेळ तशीच उभी होती, लाल, पूर्ण, प्रत्येक वळसा दिसत होता. उजव्या हाताचे, आणि पाठच्या भिंतीत खाली डाव्या हाताचे. मग बसली.

राख गोळा केली. नावाडी न बोलावता होडी घेऊन आला. मधल्या धारेला नेऊन सोडली. तिचा वाटा तिला. उशिरा, आणि फाटका.

तुझं दार वाफेत गेलं म्हणून मी जे लिहिलं ते विसर.

भाऊजी

११ जुलै

भाऊजींना नमस्कार.

तुमचं पत्र मी दुकानात वाचलं नाही, घरी नेऊन वाचलं.

वेळ तुम्ही एकट्याने घालवला नाहीत. पहिला पतंग काचेवर बसला त्या सकाळी मी खरं लिहिलं असतं, किंवा एक फोन लावला असता, तर तुम्ही आधी भांडला असतात आणि मग चिरून पाहिलं असतं. तुम्ही तसेच आहात. नावाडी गप्प, मी गप्प, तुम्ही गप्प. तिला कोणीच दुखवू शकलो नाही, आणि ती तर नव्हतीच दुखवून घ्यायला. असती तर पेरणीआधी स्वतः काडी लावून मोकळी झाली असती आणि वर तुम्हाला म्हणाली असती, "झालं का भिंग पुसून?"

विरघळलेलं दार मी टाकलं नव्हतं. काल एक गाठ सोडवून पाहिली. वळसा मागून येतो, तिरप्याच्या खालून, आणि स्वतःच्याच शेपटीत शिरतो. सुटली तेव्हा इतकी सोपी वाटली. मग परत बांधायला घेतली. वेत घेतला, सुतळी घेतली. जमली नाही. कुठेतरी एक वळण आहे जे सोडवताना दिसत नाही, बांधतानाच दिसतं.

नावाड्याला माझा नमस्कार सांगा. त्याच्या होडीतली बसायची फळी मोडकी आहे असं ताई सांगायची. वेताची एक बैठक विणून पाठवतो आहे. ओली झाली तरी चालेल अशी आहे.

आणि आज मी फोनमधलं नाव बदलायला बसलो होतो. बदललं नाही. "ताई" आहे तसंच ठेवलं. पण तुम्ही फोन केलात तर आता उचलीन.

तुमचा,
वेताळ

२१ ऑक्टोबर

प्रिय वेताळा,

फोनवर एवढं बोलतोस की पत्राला काही उरत नाही, पण हे कागदावरच लिहायचं होतं.

मका काढला. माझा निम्मा म्हणता येईल असा आला, नावाड्याचा त्याहून कमी. त्याच्या वाकड्या ओळींतलं काढायला मी गेलो, माझं काढायला तो आला. तुझी बैठक त्याने होडीत बसवली आहे. आता कोणालाच तिच्यावर बसू देत नाही, पाहुण्यांसाठी आहे म्हणतो. शेतातली सगळी धाटं मुळासकट उपटली, बारीक केली, जाळली. खोपीपुरती तेवढी ठेवली, तीही एकेक चिरा देऊन, आत पाहून.

आणि खोप बांधली. मीच.

काठावरच्या बायका दोन-तीनदा येऊन पाहून गेल्या. एकीने तोंडाला पदर लावला, दुसरीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. नावाडी दुसऱ्या टोकाला धाटं धरून उभा होता. म्हणाला, "मास्तर, ही खोप आहे की भांडण?" भिंत एका बाजूला झुकली आहे. तिरपं धाट मी तिसऱ्याऐवजी दुसऱ्या जागी घालतो आहे, एवढं कळलं. का ते कळलं नाही. तू लिहिलेलं ते न दिसणारं वळण माझ्याही हाताला लागत नाही. तुला महिना सापडला तर ये. दोघं मिळून चुकू.

नदी आली तर ती नेईल. नाही आली तर पेरणीआधी मी जाळीन, कोणी सांगण्याची वाट पाहणार नाही.

ती म्हणाली होती की माझी गाठ पहिल्या वाऱ्यात सुटेल. परवा पहिला वारा आला. मी आत बसून होतो, हात भिंतीवर ठेवून. सुटली नाही. मला इतका आनंद झाला की तिला सांगायला घराकडे निघालो, अर्ध्या वाटेपर्यंत गेलो.

काल दुसऱ्या वाऱ्यात सुटली. आज पुन्हा बांधली.

तुझा,
भाऊजी